हेळव्याची वही आणि आपली वंशावळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळूची सुगी उरकून खळी मोकळी झाली की माझ्या लहानपणी आमच्या वेळापुरात एक माणूस बैलावर बसून यायचा. बैलाच्या गळ्यात घंटा, पाठीवर घोंगडं आणि त्या माणसाचे पाय घोंगड्यात गुंडाळलेले. आम्हा पोरांना वाटायचं, याला पायच नाहीत. बैल दारात उभा राहिला की आजोबा ओसरीवर पटकूर अंथरायचे आणि तो माणूस चांगला दोन पायांवर चालत येऊन त्यावर बसायचा. मग पिशवीतून एक लांबट, कडा झिजलेली वही निघायची. तो सूर लावून वाचायचा. अमक्याचा तमका, तमक्याला दोन पुत्र, थोरला घरी राहिला, धाकटा दुष्काळात गाव सोडून गेला. घरातली म्हातारी माणसं हात जोडून ऐकायची. एका वर्षी त्या वाचनात माझंही नाव आलं, तेव्हा आपण फार मोठे झालो असं मला वाटलं होतं.

हा हेळवी. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा. पाय झाकून बैलावर बसण्याची त्यांची रीत त्यातूनच आलेली. उत्तर कर्नाटक आणि त्याला लागून असलेल्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत घराण्यांच्या वंशावळी सांभाळणं हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. पूर्वी ताडपत्रं आणि ताम्रपट होते, मग कागद आला, असं ते सांगतात. एकेका हेळव्याकडे ठरावीक गावं आणि ठरावीक घराणी असतात. काही वर्षांनी फेरी होते, नवी जन्मलेली मुलं वहीत चढवली जातात, मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, कोणत्या कारणानं स्थलांतर झालं हे पुन्हा एकदा वाचून दाखवलं जातं. मोबदला म्हणून धान्य, कापड, ऐपतदार घरातून एखादं जनावर. आता बैल राहिला नाही, मोटारसायकल आली. वह्या मात्र आहेत.

आपल्याकडे इतिहास म्हटलं की गड, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आपल्या घराचाही इतिहास असतो आणि त्याचा शोध घेण्याची साधनं आपल्या आसपास पडलेली असतात, हे सहसा कुणी सांगत नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मीही ते कधी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर गावातले आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा देवळाच्या ओवरीत बसू लागलो. एक निवृत्त तलाठी, एक मोडी शिकलेली पदवीधर मुलगी, एक वारकरी, एक जुन्या कागदांचा हौशी दुकानदार. या गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. लोक आपापल्या घरातले कागद घेऊन येतात आणि आम्ही ते एकत्र बसून लावतो, एवढंच काम.

ज्या देवळात आम्ही बसतो, तिथून सुरुवात करणं बरं. वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं मंदिर यादवकालीन. तिथला शके 1222 चा, म्हणजे इसवी सन 1300 चा मराठी शिलालेख अभ्यासकांना परिचित आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या 1963 साली निघालेल्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात वेळापूरचे लेख आहेत. त्यात देवगिरीचा राजा रामचंद्रदेव आहे, त्याचा अधिकारी ब्रह्मदेवराणा आहे. परिसरात वीरगळही आहेत. लढताना पडलेला वीर खालच्या चौकटीत, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा मधे, आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. राण्याचं नाव सातशे वर्षं टिकलं आणि गावासाठी मेलेला माणूस कुणाचा कोण हे आज कुणाला माहीत नाही. गावातल्या कितीतरी घरांचा पूर्वज त्या दगडांत असेल, पण तो कोणता हे सांगता येणार नाही. आमच्या शोधाला पहिली कुंपणभिंत इथंच लागते. नाव लिहून ठेवण्याचा मान फार थोड्यांना होता.

कागदांच्या युगातही बराच काळ तीच गत होती. मराठीत घराण्याचा इतिहास लिहिण्याची परंपरा आहे, तिला कुलवृत्तांत म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपटे, साठे, गोखले, लिमये अशा घराण्यांनी पत्रं पाठवून, वर्गण्या काढून, गावोगावच्या शाखा जुळवून जाड जाड ग्रंथ छापले. काम चिकाटीचं आहे आणि त्याचं मोल कमी करायचं नाही. पण ते ज्यांच्या घरात चार पिढ्या लेखणी होती त्यांनाच साधलं. शेतकरी, बलुतेदार, गावकुसाबाहेरचा माणूस यांचा कुलवृत्तांत कुणी छापला नाही. म्हणून आमच्या भागात हेळव्याची वही मोलाची. ती अक्षरशत्रू घराचीही नोंद ठेवत होती.

तीर्थक्षेत्रीच्या वह्या हा दुसरा मोठा साठा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, कुठेही जा, तिथला उपाध्याय आधी विचारतो, गाव कोणतं, आडनाव काय? मग तो वही काढतो आणि तुमच्या आजोबांची सही, सही येत नसेल तर अंगठा, दाखवतो. माणूस अस्थी घेऊन गेलेला असतो आणि तिथं त्याला आपल्या पणजोबाचं अक्षर भेटतं. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या या वह्यांचं महत्त्व ओळखून अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळ संस्थेनं त्यांची सूक्ष्मचित्रफीत करून ठेवली. परदेशातली संस्था इथवर आली आणि आपण पंढरपूरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर राहून आपल्या उपाध्यायांच्या घरी कधी चौकशी केली नाही, हे आमच्या गटातल्या वारकऱ्यानं एकदा बोलून दाखवलं, तेव्हा आम्ही सगळे गप्प बसलो.

वारीचाही एक हिशेब आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसला गोल रिंगण होतं, वेळापूरच्या अलीकडे धावा होतो आणि पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते. दिंड्या वर्षानुवर्षं त्याच घरी, त्याच अंगणात उतरतात. ‘आमचे आजे इथंच उतरायचे’ असं सांगणारे वारकरी दर आषाढात भेटतात. काही दिंडीप्रमुखांकडे वारकऱ्यांच्या याद्या आणि शिध्याच्या वह्या असतात. मराठवाड्यातल्या एका गृहस्थांना त्यांच्या आज्याचं नाव अशाच एका शिध्याच्या वहीत सापडलं, पुढे ‘दोन भाकरी, घोंगडं एक’ असं लिहिलेलं. वंशावळीत त्या नावापुढे काहीच नव्हतं. इथं निदान त्याच्याजवळ घोंगडं होतं हे कळलं.

पण हे सगळं हौसेचं काम आहे असं कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आधी दूर करतो. आमच्याकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी आठ जण हौसेनं येत नाहीत. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला असतो, मुलगी ग्रामपंचायतीला उभी राहिलेली असते, आणि जातपडताळणीसाठी वंशावळीचं शपथपत्र हवं असतं. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे आज्याचा किंवा पणज्याचा कागद लागतो, आणि तो आपलाच आजा आहे हे साखळी जोडून दाखवावं लागतं. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा तर तहसीलच्या अभिलेख कक्षांतल्या, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या पेट्या उघडल्या. पन्नास लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचं सरकारनं सांगितलं. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी जात नाही. पण त्या दिवसांत मोडी वाचणाऱ्या माणसाला जो भाव आला, तो आमच्या पिढीनं कधी पाहिला नव्हता.

आता साधनांकडे वळू. पहिलं साधन घरातलंच. ट्रंकेच्या तळाशी असलेली लग्नपत्रिका, सोसायटीच्या कर्जाची पावती, भांड्यांवर घातलेली नावं. तांब्याच्या घागरीवर आजीच्या माहेरचं आडनाव सापडल्याची उदाहरणं आहेत. मग शाळेचं जनरल रजिस्टर. आपल्या भागात बऱ्याच प्राथमिक शाळा शंभर वर्षांच्या पुढच्या आहेत आणि त्यांच्या जुन्या रजिस्टरात विद्यार्थ्याचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. ‘गुरे राखण्यास’ हे कारण मी इतक्या वेळा वाचलं आहे की मोजणं सोडून दिलं.

त्यानंतर महसुली कागद. सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण वंशावळीचं खरं गुपित फेरफारात असतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 साली झाला आणि नंतरच्या वर्षांत गावोगावी नोंदी उभ्या राहिल्या. खातेदार मेला की वारस कोण, त्यांची वयं काय, विधवा कोण, अज्ञान मुलाची पालक कोण, हे फेरफाराच्या एका परिच्छेदात येतं. आमचे तलाठीभाऊ म्हणतात, ‘फेरफार नीट वाचला तर घरातली भांडणंसुद्धा दिसतात.’ (तलाठ्याला 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे. आम्ही अजून तलाठीभाऊच म्हणतो.) गट पाडले गेले तेव्हा जुने सर्व्हे नंबर बदलले, त्यामुळे आधी जुना नंबर शोधावा लागतो, नाहीतर माणूस भलत्याच वावरात आपला पणजोबा शोधत राहतो.

जन्ममृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना 14, हे कुणबी नोंदींमुळे आता घरोघरी माहीत झालं आहे. गावचा पाटील-कोतवाल सांगायचा आणि नोंद व्हायची. ही नोंद पुष्कळदा मोडीत असते आणि जन्माच्या रकान्यात मुलाचं नाव नसतं. कारण सरळ आहे. नोंद व्हायची तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. ‘अमक्यास मुलगा झाला’, ‘तमक्यास मुलगी झाली’ एवढंच. कोणता मुलगा, ते आपण वयावरून ताडायचं.

इथं माझीच एक चूक सांगतो. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवायची पद्धत आहे. समजा, रघूचा मुलगा भिकू, भिकूचा पुन्हा रघू आणि त्याचा पुन्हा भिकू. शंभर वर्षांच्या कागदांत ‘भिकू वल्द रघू’ दोन वेळा येतो आणि ती दोन वेगळी माणसं असतात. आमच्याच घराण्यात मी दोघांना एक धरून पूर्ण एक पिढी गिळून टाकली होती, आणि तसा तक्ता काढून चुलतभावांना वाटलाही होता. एका भिकूचं वय एकशे चौदा वर्षं भरलं तेव्हा शंका आली. सगळ्यांच्या घरी जाऊन ते तक्ते परत मागितले. एका चुलतभावानं तो लॅमिनेशन करून देवघराशेजारी लावला होता, तो अजूनही काढायला तयार नाही.

नावांच्या बाबतीत आणखी एक. धोंडी, दगडू, केरबा ही नावं पाहिली की आजची मुलं हसतात. आधीची मुलं जगत नसली की पुढच्याला मुद्दाम असं नाव ठेवत, म्हणजे दृष्ट लागणार नाही. वंशावळीत दगडू दिसला की त्याच्या आधी एक-दोन पोरं गेलेली असण्याची शक्यता धरून मी मृत्यूचं रजिस्टर बघतो. बऱ्याचदा ती सापडतात.

आता एक अशी गोष्ट, जी आमच्या तालुक्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. माळशिरस तालुका सोलापूर जिल्ह्याला 1875 मध्ये जोडला गेला. त्याआधी तो साताऱ्याकडे होता. त्यामुळे 1875 च्या मागे जायचं तर सोलापूरच्या कचेरीत हेलपाटे घालून उपयोग नाही, माग साताऱ्याकडे वळतो. 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, आणि 1852 च्या कायद्यान्वये इनाम कमिशननं इनामदार-वतनदारांकडे पुरावे मागितले. तेव्हा ‘हे इनाम आम्हाला कुणी, कधी दिलं’ हे सांगण्यासाठी लोकांनी पाच-पाच, सात-सात पिढ्यांच्या वंशावळी लिहून दिल्या. त्या कागदांचा मोठा भाग पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दप्तर म्हणतो तिथं, रुमालांत बांधलेला आहे. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं चौकोनी कापड. असे हजारो रुमाल 1891 सालच्या त्या दगडी इमारतीत आहेत. तिथं बसून वाचायची सोय आहे, मोडीचे वर्गही पुराभिलेख विभाग घेतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. वंशावळ जेव्हा वतन टिकवण्यासाठी लिहिली जाते, तेव्हा त्यात नको असलेला भाऊबंद गळतो आणि हवा असलेला पूर्वज येऊन बसतो. कागद जुना आहे म्हणून तो खरा, असं समजू नये.

वतन नसलेल्यांचं काय? हा प्रश्न आमच्याकडे एका सुतार घरातल्या मुलानं विचारला. त्याचं उत्तर महजरात आहे. महजर म्हणजे वतनाच्या तंट्यात गोतसभेनं दिलेला निवाडा. निवाड्याखाली गावच्या पाटलापासून बलुतेदारांपर्यंत साक्षी असतात. लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याची खूण काढायचा. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, चांभाराची रापी, न्हाव्याचा आरसा. खुणेशेजारी लेखक त्याचं नाव आणि बापाचं नाव घालायचा. तंटा पाटलांचा, पण त्यामुळे सुताराचा तीनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज कागदावर आला. असे कागद वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवले. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड 1898 साली काढला आणि पुढे बावीस खंड झाले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. या छापील खंडांना शेवटी सूची असतात. आधी तिथं आपल्या गावाचं नाव पाहावं, मग पुढचा प्रवास करावा.

घरातल्या रुमालाचं मोल किती असू शकतं, याचं एकच उदाहरण देतो. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्याकडे तारीखवार नोंदींचा एक कागद होता. तो लोकमान्य टिळकांच्या हाती आला आणि 1916 मध्ये ‘जेधे शकावली’ म्हणून प्रसिद्ध झाला. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 चा, हे ठरवताना जी साधनं वापरली गेली त्यात तो कागद अग्रभागी आहे. एका घरानं चिंध्या म्हणून तो चुलीत घातला असता तर? आमच्या तालुक्यातही काही जुन्या घरांनी वतनं गेल्यावर दप्तरं जाळली, काहींनी विहिरीत टाकली. कुलकर्णी वतन 1951 मध्ये संपलं, पाटीलकी 1963 मध्ये. कागदाचा उपयोग संपला, असं लोकांना वाटलं.

कालगणनेचा गोंधळ हा नवशिक्याला हमखास अडवतो. शक असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवा, हे सोपं. फसली असेल तर पाचशे नव्वद मिळवा. पण ‘सन तिसा खमसैन मया व अलफ’ असं आलं की माणूस घाबरतो. ही अरबी शब्दांत लिहिलेली शुहूर सनाची संख्या आहे. तिसा नऊ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे 1159, त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की 1758-59. आमच्या मोडी वाचणाऱ्या मुलीनं हे शब्द पुठ्ठ्यावर लिहून ओवरीच्या खांबाला टांगून ठेवले आहेत. दोन महिन्यांत सगळ्यांना पाठ झाले.

आणि सगळीच घरं इथली नाहीत. नीरेचा उजवा कालवा आला, ऊस आला आणि माणसंही आली. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी इथं येऊन 1932 मध्ये साखर कारखाना उभा केला, माळीनगर वसलं. त्या घरांचे मागचे कागद पुरंदर तालुक्यात आहेत. दूर गेलेल्यांचीही तऱ्हा अशीच. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदी तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, बापाचं नाव, वय, गाव, जिल्हा, पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. गोऱ्या कारकुनानं ऐकून लिहिलेलं गावाचं नाव घेऊन त्यांचे वंशज महाराष्ट्रात येतात आणि ते नक्की कोणतं गाव याचा शोध घेतात. आपला पणजोबा कसा दिसत होता हे त्यांना माहीत असतं, गाव माहीत नसतं. आपलं नेमकं उलट.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. आमच्या हेळव्याच्या वहीत माझ्या पणजोबांना दोन पुत्र, एवढंच आहे. पण माझी आजी जात्यावर बसली की ज्या ओव्या म्हणायची, त्यात एका मुलीचं नाव यायचं. आमच्या नात्यात त्या नावाची कुणी नव्हती. विचारलं की आजी म्हणायची, ‘व्हती एक.’ त्यापुढे काही नाही. बायकांच्या ओव्यांत माणसांचं, नात्यांचं केवढं गणगोत साठवलेलं असतं, हे हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या तेव्हा आपल्याला कळलं. मला ते आजी होती तेव्हा कळायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका घरासाठी आम्ही 1918 सालचं मृत्यूचं रजिस्टर वाचत होतो. ते वर्ष मानमोडीचं. पाऊसही गेला होता आणि दिवाळीच्या आगेमागे इन्फ्लुएन्झाची ती साथ खेड्यापाड्यांत शिरली. एरवी महिन्याला चार-पाच मृत्यू असणारं पान त्या महिन्यात भरून पुढच्या पानावर गेलं होतं. कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द, ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याचं अक्षर शेवटी शेवटी इतकं बिघडलं होतं की त्यालाही ताप असावा. त्यात मोडी वाचणारी मुलगी एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, ‘सर, हे तुमचे पणजोबा ना?’ ओळ अशी होती की अमक्याची मुलगी, वय नऊ, ताप. नाव नव्हतं.

आजीच्या ओवीतली तीच ही, असं शंभर टक्के सांगता येणार नाही. पण आजी त्या घरात सून म्हणून आली ती 1918 च्या आधी, आणि नऊ वर्षांची नणंद तिच्या डोळ्यांसमोर गेली असणार. दुसरी कुणी मुलगी कोणत्याच कागदात नाही. रजिस्टरात वय आहे, नाव नाही. ओवीत नाव आहे, वय नाही. ते नाव इथं सांगत नाही, कारण आता आमच्या घरातल्या एका लहान मुलीला ते ठेवलं आहे आणि तिला रेडिओवर आपलं नाव आलेलं आवडणार नाही.

लेकींचं वंशावळीत नसणं ही काही केवळ जुनी रीत म्हणून सोडून देण्यासारखी बाब नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. पण वारसनोंदीच्या वेळी जी वंशावळ लिहून दिली जाते, त्यात ‘बहीण नाही’ असं बेधडक लिहिलेलं आम्ही पाहिलं आहे, आणि ती बहीण त्याच तालुक्यात नांदत असते. आमच्याकडे एक बाई सख्ख्या भावांनी दिलेला तसा कागद घेऊन आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. ‘गुरुजी, मी त्यांची बहीण हाय एवढं दाखवून द्या, जमीन नको मला,’ असं म्हणाल्या. शाळेच्या रजिस्टरात त्यांचं नाव आणि भावाचं नाव एकाच वर्षी, लागोपाठच्या ओळींत सापडलं. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम असा की लेकींची नावं, त्यांचं सासर आणि सुनांचं माहेर घातल्याशिवाय तक्ता पुरा झाला असं म्हणायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात हेळवी आला. लहानपणी येणाऱ्या माणसाचा हा नातू, पण वयानं साठीचा. चहा झाला, वाचन झालं. मी म्हटलं, ‘मामा, एक नाव घालायचं राहिलंय. पणजोबांची मुलगी. नऊ वर्षांची होऊन गेली.’

तो म्हणाला, ‘गुरुजी, लेकी आमी सासरच्या वहीत धरतो.’

‘हिला सासर नव्हतं.’

त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला. वही मागे मागे उलटत पणजोबांच्या पानावर आणली. दोन पुत्रांच्या नावांमध्ये जागा नव्हती. शेवटी समासात आडवं करून त्यानं नाव लिहिलं, खाली शके 1840, आणि ‘मानमोडीत वारली’ असं घातलं. मग वही बांधली, पायली शाळू पिशवीत ओतून घेतला आणि गाडीला किक मारून माझ्या चुलतभावाच्या घराकडे गेला, जिथं तो चुकीचा तक्ता अजून भिंतीवर आहे.